फितीवर उरलेले सात सेकंद

१४ मार्च. सकाळचे ८ वाजून १७ मिनिटे ९ सेकंद. यंत्रातील शिल्लक : शून्य सेकंद.

ही नोंद रेडिओ केंद्रातील अभियंता काकांच्या हातची आहे आणि तिच्यातील यंत्र म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुने विलंबयंत्र आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल. श्रोत्यांना माझा पत्ताही लागू नये, अशाच बेताने मला बनवले होते.

माझे काम आधी नीट समजावून सांगते. रेडिओवर थेट कार्यक्रम चालू असताना बोललेला शब्द सरळ तुमच्या घरी येत नसे. तो प्रथम माझ्याकडे येई. माझ्या पोटात चुंबकीय फितीचे एक अखंड वेटोळे फिरते. लिहिणारे हेड, म्हणजे फितीला टेकलेला छोटा चुंबक, शब्द त्या फितीवर उतरवी. तेथून एक मीटर तेहतीस सेंटिमीटर चालून फीत वाचणाऱ्या हेडपाशी पोहोचे. तेवढ्या प्रवासाला बरोबर सात सेकंद लागत. मग तो शब्द तुमच्या घरी जाई आणि पुसणारे हेड फीत पुन्हा कोरी करी. या सात सेकंदांत कोणाच्या तोंडून शिवी गेली, तर काका माझे लाल बटण दाबत. शिवी आत राहत असे आणि कार्यक्रम पुढे चालू राही.

मात्र बटण दाबले की माझे सात सेकंद खर्ची पडत. पुढचे बोलणे थेट बाहेर जाई. मला पुन्हा भरायचे, तर सात सेकंद दुसरे काहीतरी वाजवावे लागे. त्यासाठी केंद्राची छोटी धून होती. ती वाजेपर्यंत माझी फीत भरून होई.

एका कारखान्यात तीन कारागिरांनी अकरा दिवस खपून मला जोडले. तपासनीस बाईंनी माझ्यापुढे एक ते सात आकडे म्हटले, हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि मान डोलावली. मला ऐकू आलेला पहिला शब्द 'एक' हा होता.

केंद्रात आले त्या दिवसापासून काकांनी मला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. दर शनिवारी ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने माझी हेडे पुसत, फीत फिरवणाऱ्या कप्प्यांना तेलाचा एकेक थेंब देत आणि फितीचा जोड भिंगाखाली तपासत. सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदकांना सारे गाव 'सकाळदादा' म्हणे. लोक फोन करत, दादा त्यांच्याशी वाद घालत, हसत, चिडत. मला त्यांनी 'सासूबाई' असे नाव ठेवले होते.

"काका, सासूबाईंची तब्येत काय म्हणते आज?" खुर्चीवर बसता बसता ते विचारत.

"ठणठणीत आहे. तुम्ही तेवढं जिभेला आवरा."

"मी आवरली तर त्यांना काम काय उरेल? घरी बसतील बिचाऱ्या."

कधी शाळेतली मुले केंद्र पाहायला येत. काका त्यांना माझ्यापुढे स्वतःचे नाव सांगायला लावत. सात सेकंदांनी आपलेच नाव परत ऐकून मुले टाळ्या पिटत. तो आवाज मला फार आवडे. त्या काळी माझ्या फितीवर एकही शब्द राहून गेला नव्हता.

१० मार्चच्या संध्याकाळी नदीवरची प्रवासी नाव उलटली. नाव बत्तीस माणसांची होती, चढली होती एकावन्न. नऊ जण गेले. संचालिका बाईंनी त्याच दिवशी लेखी हुकूम काढला की, दहा दिवस केंद्रावर कोणतीही धून वाजणार नाही. हेतू चांगला होता. नऊ घरांत माणूस गेलेला असताना आनंदी धून कोण वाजवील? पण धून नाही म्हणजे मला भरण्याची सोय नाही, हे काकांच्या लगेच ध्यानात आले. ते बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, एकदा बटण दाबलं की पुढच्या बातम्यांपर्यंत यंत्र रिकामं राहील."

"या दहा दिवसांत कोण शिव्या देणार आहे काका? लोक दुःखात आहेत."

काका परत आले. त्यांनी तो हुकूम वहीत डकवला.

१४ तारखेला सकाळी सव्वाआठला एका गृहस्थाने फोन करून, वाचलेल्या नावाड्याला आईवरून शिवी घातली. बातम्या संपल्यावर आपण सगळे दगड घेऊन त्याच्या घरी जाऊ, असेही तो म्हणाला. काकांनी बटण दाबले. शिवी आत राहिली. पण मी रिकामी झाले आणि तीच नोंद मी तुम्हाला सुरुवातीला वाचून दाखवली.

चार मिनिटांनी सकाळदादा बोलले. त्यांच्या आवाजात त्या दिवशी हसू नव्हते.

"नावाड्याच्या दारात दगड घेऊन जाणाऱ्यांना मला विचारायचंय. 'अजून दोघं बसतील रे' असं त्याला रोज कोण सांगत होतं? मी सांगत होतो. तुम्ही सांगत होता. आणि जे गेले, तेही हेच सांगत होते. नाव आपण सगळ्यांनी मिळून बुडवली."

ते वाक्य मला न शिवता थेट गावात गेले.

केंद्राच्या सहाही फोनचे दिवे एकदम लागले. ते पुढे तीन दिवस विझले नाहीत. मित्रांनो, लोकांचा राग खोटा नव्हता. एका माणसाने फक्त एवढेच विचारले, "माझी बहीण कालपर्यंत पाण्यात होती. तिला तुम्ही आज गुन्हेगार ठरवलंत?"  दादांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला. नावाड्याच्या दाराकडे निघालेले दगड मात्र केंद्राच्या फाटकावर आले. दादांच्या आईच्या घराची काच फुटली. भिंतीवर कोणी काळ्या रंगात 'तोंड बंद करा' असे लिहिले. पण ही नंतरची गोष्ट. त्याच सकाळचे आणखी एक काम माझ्याकडून व्हायचे होते.

साडेआठच्या बातम्या दुसऱ्या खोलीतून लागल्या. तेवढ्या वेळात काकांनी मला पुन्हा भरून घेतले. ८ वाजून ३४ मिनिटांनी दादांनी पुढचा फोन घेतला. संचालिका बाई तोवर काकांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोनवर एक बाई होत्या. त्या शिवणकाम करत. गेलेल्या नऊ जणांत त्यांचे यजमान होते.

"मी त्या नावेतल्या..." एवढी सुरुवात गावाने ऐकली. पुढचे माझ्या फितीवर होते.

"दाबा," संचालिका बाई म्हणाल्या.

"बाई, त्या शिवी देत नाहीयेत."

"त्या रडतील काका. आधीच गाव पेटलंय. मी सांगतेय ना, दाबा!"

काकांचे बोट बटणावर थरथरले. मी ते बोट इतकी वर्षे ओळखत होते. ते कधी थरथरले नव्हते. मग त्यांनी उजव्या हाताने बटण दाबले आणि त्याच क्षणी डाव्या हाताने माझी मोटर बंद केली. संचालिका बाईंना दुसरी हालचाल दिसली नाही. फीत थांबली. पुसणाऱ्या हेडपर्यंत ती पोहोचलीच नाही. फोन कापला गेला आणि बातम्यांच्या खोलीतून कोणीतरी हवामान वाचू लागले.

त्या दिवसापासून ते सात सेकंद माझ्या अंगावर आहेत :

"दादा, आमचे हे रोज मागं थांबायचे. दुसऱ्या फेरीनं यायचे. त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं..."

एवढेच.

नऊ दिवसांनी, कार्यक्रम स्थगित असतानाच, दादांच्या वाक्याबद्दल पाच जणांची चौकशी समिती बसली. काकांच्या नोकरीची दोन वर्षे उरली होती. यंत्र रिकामे नसते तर त्या वाक्यावर बटण दाबलेच असते, एवढे एक वाक्य बोलले की ते सुटणार होते. समितीलाही तेच हवे होते. काकांनी मला ढकलगाडीवर ठेवून सभागृहात आणले. पुसणाऱ्या हेडची तार त्यांनी आधीच सोडवून ठेवली होती.

"सात सेकंद शिल्लक असते, तर निवेदकांचं वाक्य तुम्ही अडवलं असतं का?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही साहेब."

"म्हणजे तुम्हाला ते पटलं?"

"पटलं नाही. झोंबलं. माझा साडू रोज त्याच नावेनं जायचा. पण मला शिव्या कापायला ठेवलंय, मतं कापायला नाही. मत चुकलं तर पुढचा फोन त्याला उत्तर देतो. आणि साहेब, जे बटण मी दाबलंच नाही, त्याबद्दल तुम्ही तासभर विचारताय. जे दाबलं त्याबद्दल विचारा की."

त्यांनी माझी मोटर सुरू केली. सभागृहात त्या बाईंचा आवाज उमटला आणि 'म्हटलं' या शब्दावर तुटला.  फीत पुन्हा फिरून आली, आवाज पुन्हा उमटला, पुन्हा तिथेच तुटला. तिसऱ्या वेळी अध्यक्ष म्हणाले, "बंद करा. हे नोंदीत घेण्याचं कारण नाही. आपला विषय वेगळा आहे."

"हाच विषय आहे," मागच्या रांगेतून सकाळदादा म्हणाले. "माझं वाक्य कडू होतं. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, हे मी विसरलो. त्यांच्या वतीनं बोलायला ही बाई आली होती. तिला तरी बोलू द्यायचं होतं."

त्याच आठवड्यात दादांना काढून टाकले. काकांना मुदतीआधी निवृत्त केले. कार्यक्रम बंद झाला. माझ्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून मला भांडारात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे ठेवले.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी काका त्या फोनवाल्या बाईंना घेऊन भांडारात आले. मला वाटले, आता माझे ओझे उतरेल. काकांनी बाहेरून वायर ओढून वीज घेतली आणि फीत फिरवली. बाईंनी उभ्यानेच ऐकले. नाकावरून घसरलेला चष्मा त्यांनी दोनदा वर केला.

"काका, हे अर्धंच आहे."

"हिच्यात तेवढीच जागा होती ताई."

"पण पुढचं मी बोलले होते. तुम्ही कापल्यावरही बोलत होते. कितीतरी वेळानं कळलं की पलीकडं कोणी नाही."

काकांनी मान खाली घातली. "मीच कापलं ताई. हुकूम संचालिका बाईंचा होता, बोट माझं होतं. तुम्हाला हवं तर उरलेलं आत्ता बोला. दादांना मी बोलावून आणतो."

"इथं? या खुर्च्यांसमोर?" बाईंच्या आवाजाला धार आली. "दादांनी सगळ्या गावासमोर म्हटलं ना? मग मलाही गावासमोरच बोलायचं होतं. त्यांना गप्प बसवा असं मी कुठं म्हटलं होतं? मला उत्तर द्यायचं होतं."

त्या गेल्या. काका माझ्यापाशी बसले. मग खिशातून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढून त्यांनी माझी हेडे पुसली. फितीला मात्र हात लावला नाही.

तेव्हापासून मी येथेच आहे. कोणी खुर्ची ओढताना मला धक्का लागला, तर माझी कप्पी केसभर सरकते. वीज नाही, मोटर बंद, तरीही त्या एवढ्याशा हालचालीने तो आवाज माझ्या अंगात जागा होतो. त्यांनी यजमानांना काय म्हटले असेल? आज उशीर करू नका, असे? पहिल्या नावेनेच या, असे? दादांचे वाक्य त्या खोडून काढणार होत्या की स्वतःच्या डोक्यावर घेणार होत्या? हजारो शब्द माझ्या अंगावरून गेले आणि पुसले गेले. हे एक वाक्य तेवढे माझ्याकडे राहिले, आणि नेमके तेच मला पुरे करता येत नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. एखाद्याचे बोलणे मनाला लागले, तर जरूर रागवा. त्याला जाब विचारा, त्याची चूक चारचौघांत दाखवा. पण आवाज बंद करण्याची मागणी करण्यापूर्वी जरा थांबून पाहा. त्याच तारेवर, त्याच्या मागे, उत्तर द्यायला कोणीतरी थांबलेले असते. तार कापली की दोघेही जातात. आणि असे बटण कधी तुमच्या हाताखाली आले, तर तुमचे बोट थरथरते का, याकडे लक्ष ठेवा.

कार्यक्रम आता नव्या नावाने पुन्हा सुरू झाला आहे, असे भांडारपाल सांगत होते. नवे यंत्र शब्दांना चाळीस सेकंद धरून ठेवते. निवेदक गोड बोलतात आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक दोनदा सांगतात. पूर्वी एका सकाळी साठ-सत्तर फोन येत. गेल्या संपूर्ण महिन्यात चार आले.