पाच भागांचं यकृत

सणसरच्या संभाजी आबांच्या घरात दोन गोष्टींपुढं कुणाचं काही चालत नसे. एक आबांचा आवाज, दुसरी तात्यांची वही. तात्या म्हणजे आबांचे वडील. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, पण घरची शेती अजून तेच करत होते. वहीत खालच्या दोन एकरांपुढं त्यांनी लिहिलं होतं, 'उसाला आठव्या दिवशी पाणी'. म्हणून आठव्या दिवशी पाणी. आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला तरी पाणी. पाणी साठून साठून ते रान आता चोपण, नापीक होत चाललं होतं. मातीवर पांढरा थर चढला होता आणि ऊस कमरेच्या वर जायचं नाव घेत नव्हता. अजून दोन हंगाम असेच गेले असते तर तिथं कुसळही उगवलं नसतं. आबांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, चार वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं, "अवो, एकदा खाली येऊन बघा तरी." आबा रान बघायच्या ऐवजी वही काढायचे आणि म्हणायचे, "तात्या काय येडं हुतं व्हय?"

तात्या वेडे नव्हतेच.

आबांची सून आसावरी बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. युरोपातलं मध्ययुग सरून प्रबोधनकाळ कसा आला, हे काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून तिनं एक छोटं नाटक बसवलं. उंच खुर्चीत इटलीतला एक पंडित बसलाय, हातात त्याच्याही हजारावर वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचा ग्रंथ. खाली न्हावी प्रेत फाडतोय, कारण तिकडं तेव्हा चिरफाड न्हाव्याकडंच असे. पंडित वाचतो, यकृताला पाच भाग. न्हाव्याला दिसतात दोनच. पण पंडित खाली बघतच नाही. या पंडिताला शोभेल असा आवाज वर्गात एकाही पोराला नव्हता. घरात मात्र होता. साखर कारखान्याच्या सभेत बोलायला आबांना माईक कधी लागला नव्हता. सुनेच्या मनात आणखी काय होतं, ते तिचं तिला ठाऊक.

आबा एका पायावर तयार झाले. पदवीदानाचा काळा झगा त्यांनी घातला, पण डोक्यावरचा फेटा काही उतरवेनात.

"आबा, इटलीत फेटा नसतो."

"म्हणूनच मागं पडलं ते," आबा म्हणाले आणि तो विषय तिथं संपला.

ग्रंथ म्हणून कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल एकत्र बांधले होते. 'डोळे चुकतात, ग्रंथ चुकत नाही!' हे वाक्य आबांनी तालमीत असं ठणकावलं, की कॉलेजचा शिपाई भांडण लागलं समजून धावत आला.

प्रयोगाच्या दिवशी कौसल्याबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. न्हावी झाला होता वर्गातला एक पोरगा, कोऱ्हाळ्याचा युवराज. त्यानं मातीचं यकृत उचलून दाखवलं. आबांनी ठणकावलं. टाळ्या पडल्या. मग युवराजनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "महाराज, एकदा खाली येऊन बघा तरी."

इथं पंडितानं तोंड फिरवायचं आणि पडदा पडायचा. आबांनी तोंड फिरवलं नाही. त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. मग ते झगा सावरत खुर्चीवरून उतरले, वाकले आणि बोट लावून त्यांनी मोजलं.

"दोनच हायती," ते म्हणाले. विंगेकडं वळून त्यांनी विचारलं, "आसावरी, मग त्या वैद्यानं पाच लिवलं कशावरनं?"

"त्या वैद्याच्या काळात माणूस फाडायला बंदी होती, आबा. त्यानं जनावरं फाडून बघितली आणि त्यावरून लिहिलं."

"म्हंजे त्यो बघून लिवत हुता. आन् आमी न बघता वाचतोय."

लोकांना वाटलं हेही नाटकातच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या त्या रानात दिवसातून दोनदा फिरायचे, माती हातात घेऊन बघायचे. आपण बापाचा शब्द राखतोय असं त्यांना तीस वर्षं वाटत होतं, आणि बापाचे डोळे मात्र कधीच सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा आठवा दिवस होता. सकाळी आबा कौसल्याबाईंना घेऊन खालच्या रानात गेले. खाली बसून त्यांनी पांढरी माती बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"खारट हाय गं."

"हाय की. मी तीन वर्सांमागंच चाखलीय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं. तुमी वही काढलीत."

आबांनी खोरं घेतलं आणि पाटाचं तोंड मातीनं बुजवून टाकलं. घाम पुसून त्यांनी विचारलं, "आता काय करावं म्हणतीस?" लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि रानातलं काही त्यांनी बायकोला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"आधी चर खणून साठल्यालं पाणी भाईर काढायचं," कौसल्याबाई पदर खोचत म्हणाल्या. "कुठनं खणायचा त्ये मी कवाच बघून ठेवलंय."