तिसरा फॉर्म

समाधाननं दुसरा फॉर्मही टेबलावर सरकवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. सेफ्टीच्या साहेबांनी तो एकदा वाचला, परत वाचला.

“अरे, कोणी कोणाला काय सांगितलं? यावरून तर मशीननंच भीमराजला ऑर्डर दिली असं वाटतंय.”

“तसं नाही साहेब. मराठीत सांगू का?”

“मला सांगून काय उपयोग? अपघाताचा फॉर्म मोठ्या ऑफिसला जातो. तिथं इंग्रजीत लिहिलेलं तेवढंच धरतात. लाइन लीडर झालास ना आता? घे, शेवटचा आहे.”

मराठीत ते दोन वाक्यांचं काम होतं. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडला होता, तरी सुपरवायझर आदिनाथ साहेबांनी तो काढून ठेवून मशीन चालवायला लावलं. प्रेसवरचा भीमराज दोन दिवस नको नको म्हणत होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याची दोन बोटं गेली. एवढं कागदावर आलं तर त्याला भरपाई होती, काम होतं. नाही आलं तर चूक त्याचीच, आणि कंत्राटी माणसाला गेट बंद व्हायला कितीसा वेळ लागतो? शेजारी उभा राहून हे पाहणारा समाधान एकटाच होता.

इंग्रजीसाठी त्यानं काय कमी जिवाचं रान केलं होतं? पन्नाशीला टेकलेला बाप चिखलीच्या खोलीत पहाटे उठून दहावीतल्या लेकीसमोर वही घेऊन बसे. “पप्पा, काल घडलंय ना? मग आता काय येणार?” रश्मी विचारायची, आणि हा गडी छताकडे बघायचा. त्यात दर गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर कंपनीचा वर्ग. तिथली सेफ्टीची वीस वाक्यं मात्र त्यानं अशी घोटली होती, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल. आज रश्मीला विचारावं तर फोन गेटवर जमा.

त्यानं पेन टेकवलं. आदिनाथ साहेबांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे सेड, का टोल्ड, का स्पोक? तिन्ही शब्द एकदम अंगावर धावून आले आणि पेन होतं तिथंच थांबलं.

“आटप बाबा, बस सुटेल,” साहेब म्हणाले.

मग हात आपोआप चालायला लागला. गुरुवारची वाक्यं एकामागून एक कागदावर उतरली. सुटल्यासारखं वाटलं त्याला.

साहेबांचा चेहरा खुलला. “हे बघ. एकही चूक नाही. येतंय की तुला.”

समाधाननं कागद जवळ ओढला. ऑपरेटरनं सेफ्टीचा नियम पाळला नाही. ऑपरेटरचं कामाकडे लक्ष नव्हतं. आपण सर्वांनी काळजी घेतली पाहिजे.

“साहेब, हे असं नाही झालेलं. अजून एक फॉर्म...”

“शेवटचा म्हटलं ना? आणि चांगला झालाय तर कशाला बिघडवतोस? भीमराजची सही घे आणि दे इकडं.” साहेब फोनवर बोलायला लागले.

भीमराज बाहेर बाकावर बसला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. समाधानला पाहून तो उठायला लागला.

“बस, बस.”

“झालं का लिहून? वाच की भावा.”

समाधाननं वाचलं. कुठं अडखळला नाही. भीमराज मान हलवत ऐकत होता.

“काय सरळ वाचतोस रे आता,” तो म्हणाला. “मला काय कळत नाही त्यातलं. पण माझं सगळं आलं ना?”

समाधाननं तोंड उघडलं. काचेआडून साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

“इथं,” समाधान म्हणाला.

भीमराजनं डाव्या हातात पेन धरलं. सवय नव्हती, कागद सारखा सरकत होता. समाधाननं तो दोन्ही हातांनी दाबून धरला.