ओवीचं बारसं

नंदामावशीचं पार्सल उघडलं आणि आधी मला हसूच आलं. आमच्या नंदामावशीला कोणी ओळखत असेल तर त्याला कळेल. शेजारच्या कामवालीच्या नणंदेची सून जरी बाळंत झाली, तरी ही बाई डब्बाभर डिंकाचे लाडू पोचवून येते. आणि मला, सख्ख्या भाचीला, पुण्याहून इथे, या डच गावात, रायस्वाइकला तिने काय पाठवावं? चांदीची वाटी, चमचा, एक झबलं, दुधाची बाटली आणि दुधाच्या पावडरचे दोन डबे!

"आई, मावशीचं डोकं फिरलंय का गं?" मी आतल्या खोलीत ओरडले. "मी अंगावर पाजतेय, आणि ही बाटली पाठवते!"

 आई बाळाला तेल लावत होती. सहा आठवडे रोज सकाळी तेच. जमिनीवर दोन्ही पाय पसरून बसायची, पायांवर बाळाला घ्यायची आणि गाणं गुणगुणत चोळायची. इथली बाळंतिणीसाठी घरी येणारी नर्स आठवडाभर होती, तिनेसुद्धा एकदा उभं राहून बघितलं आणि म्हणाली, मलाही असंच चोळून द्या. खोटं का बोलू, त्या सहा आठवड्यांत आईने माझं काय नाही केलं? 

पार्सल ऋजुताबरोबर आलं होतं. ऋजुता माझी युट्रेख्टच्या ऑफिसमधली मैत्रीण, त्याच शुक्रवारी सकाळी पुण्याहून परतली होती. झबल्याच्या घडीत मावशीची चिठ्ठी होती.

"चि. संहिता, अनाथ जिवाला घर दिलंस, फार मोठं मन तुझं. पोटच्यापेक्षा जास्त माया लाव. बाटली दर वेळी उकळून घेत जा. रविवारी बारशाला व्हिडिओवर सगळे जमतोय."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग आईसमोर जाऊन धरली.

"हे काय आहे?"

आईने बाळाला टॉवेलात गुंडाळलं. अगदी सावकाश. मग म्हणाली, "आधी शांत हो."

झालं! आईने "आधी शांत हो" म्हटलं की समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आता थोडं मागचं सांगते. माझा नवरा ग्लेन सुरिनामी आहे, म्हणजे समुद्रापलीकडच्या जुन्या डच वसाहतीतला. इथे सुरिनामी म्हणजे मुख्यतः दोन प्रकारची माणसं. एक हिंदुस्तानी, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बिहारकडून तिकडे मजुरीला नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. त्यांच्या घरी देव्हारा असतो, लग्नात हळद लागते. आणि दुसरे क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून मळ्यांवर नेलेल्यांचे वंशज. ग्लेन क्रिओल. त्याचं आडनाव कुठल्याशा डच मळेवाल्याच्या नावावरून पाडलेलं. रंग आपल्या चहासारखा आणि डोकं पहिल्यापासून तुळतुळीत.

चार वर्षांपूर्वी लॉकडाऊनमध्ये आम्ही इथल्या नगरपालिकेत सहा माणसांत लग्न केलं. मला धास्ती होती पुण्याची. बाबा गेलेले, घरात दिनकरकाकांचा शब्द चालायचा. पण आईने फोनवर मला सांगितलं होतं, "मी सगळ्यांना सगळं सांगून टाकलंय. कोणाची टाप नाही बोलायची." मी त्या दिवशी रडले होते. ऑफिसात, मैत्रिणींत, जिथे तिथे सांगत सुटायचे, माझी आई बघा, अशी असावी आई.

"काय सांगितलं होतंस गं तू तेव्हा?" मी विचारलं.

"सुरिनामचा आहे म्हणून सांगितलं. खोटं नाही ते." आईची नजर टॉवेलावर. "दिनकरभावजींनीच म्हटलं, अरे वा, तिथे आपलेच लोक गेलेत, म्हणजे हिंदूच की! मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"एवढंच? म्हणून दर वर्षी आम्ही पुण्याला येतो म्हटलं की तुला ऊन आठवायचं आणि येऊ नका म्हणायचीस होय?"

"फोटोत तो खपून जातो गं. मला काय माहीत, पुढे मूल..."

"पुढे मूल होणारच होतं ना, आई!"

बाळ दचकलं. आईने तिला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कुरळे, दाट, घट्ट केस, अगदी ग्लेनच्या बहिणीसारखे. "हे केस बघितलेस? कसा पाठवणार होते मी फोटो?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, जसं काही मला समजावतेय, "दत्तक म्हटलं की कोणी रंग विचारत नाही. उलट कौतुक करतात."

 नऊ महिने उलट्या काढल्या मी. बावीस तास कळा दिल्या, तेव्हा ही माझा हात धरून उभी होती. हिने स्वतः नाळ कापलेली बघितली! आणि पुण्याला बातमी कळवायचं काम मी हिच्यावरच सोपवलं होतं.

"रविवारी सगळे कॉलवर असतील," मी म्हटलं. "तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. ही संहिताच्या पोटची आहे आणि हिचा बाप क्रिओल आहे. नाही सांगितलंस तर या घरात तुझा आणि बाळाचा संबंध संपला. मी ग्लेनला अजून काही बोलत नाही, तुझी लाज राखतेय. पण रविवारपर्यंतच."

"सांगते गं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "सांगते, सांगते."

मी विश्वास ठेवला. आई आहे, दुसरं काय करणार?

रविवारी इथल्या मराठी मंडळाचा लाकडी पाळणा आणला होता, फुलं लावली होती. टेबलावर पेढे आणि त्याच्या शेजारी इथल्या रिवाजाप्रमाणे गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या लावलेले रस्क. ऋजुता होती, शेजारची दोन घरं होती. ग्लेनची बहीण जॉइस पिवळंधमक लुगडं नेसून आली होती, ऋजुतानेच नेसवलं होतं. आत्या म्हणून नाव तिनेच ठेवायचं. "कानात सांगायचं आणि मग तुम्ही मला मारणार?" तिला भारी मजा वाटत होती. तयारी करताना ती मला सांगत होती, तिची आजी तिकडे सुरिनामला, पारामारिबोत, नातवंडांना रंगाप्रमाणे ओळीत बसवायची. उजळ नातू पुढे, काळे मागे. "मी कायम मागे," म्हणाली आणि खोखो हसली. मला हसता येईना.

फोन तिपाईवर लावला. पडद्यावर पुण्याचा हॉल भरलेला. नंदामावशी पुढेच, तिच्यामागे दिनकरकाका, त्यांच्या मागे एकात एक दाटलेली डोकी. पाळण्याखालून बाळ घेतलं-दिलं, जॉइसने कुर्र करून कानात नाव सांगितलं, ओवी. आम्ही जॉइसच्या पाठीत धपाटे घातले. टाळ्या झाल्या.

मी आईकडे बघितलं. "बोल."

आई फोनसमोर गेली. पदर सारखा केला. 

"ही ओवी," आई म्हणाली. "संहिताची मुलगी. तिच्या... तिच्या पोटची. आणि ग्लेन क्रिओल आहे. मूळचे आफ्रिकेकडचे लोक ते."

बोलली! अहो, स्पष्ट बोलली! मला वाटलं, जाऊन मिठी मारावी. मनातल्या मनात मी सगळं माफ करून टाकलं, चार वर्षांचं, चिठ्ठीचं, सगळं.

पुण्यात कोणी दचकलं नाही. सगळे एकमेकांकडे बघून मान हलवत होते. नंदामावशी पुढे झुकली आणि एकदम मऊ आवाजात मला म्हणाली, "हो गं राणी. तुझीच आहे. पोटचीच आहे. कोण नाही म्हणतंय?"

तो आवाज मला कळेना. असं ती कधी बोलत नाही, तिचा आवाज चार बंगले ऐकू जातो.

मागून दिनकरकाकांचा आवाज आला. त्यांना वाटलं असावं, इकडे ऐकू जात नाही. "संहिताच्या कलाने घ्या रे सगळे. वहिनींनी काल बजावून सांगितलंय. पहिलं पोर गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. म्हणाल्यात, मी तिच्यासमोर काहीही म्हणेन, तुम्ही फक्त हो म्हणा."

काल. म्हणजे मला "सांगते, सांगते" म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"माझं कुठलं पोर गेलं?" मी फोनसमोर धावले. "मावशी, कुठलं पोर? मी पाजतेय हिला! बावीस तास कळा दिल्यात मी!"

"हो हो, बाळा," मावशीने डोळे पुसले. "दिल्यास ना. बस जरा. पाणी पी."

मी जितकी ओरडत होते तितक्या त्या माना जास्त हलत होत्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दया, नुसती दया. आता मी काहीही म्हटलं तरी ते खरं ठरणार नव्हतं. जन्मभर. माझ्या आईने माझ्या तोंडातला शब्दच काढून घेतला होता, आणि वर स्वतः खरं बोलून मोकळी झाली होती. मी फोन बंद केला.

ग्लेनला मराठी येत नाही. त्याला एवढंच दिसलं, की आई काहीतरी बोलली आणि सगळे रडले. तो तिच्याजवळ गेला आणि इंग्रजीत विचारलं, "आई, काय झालं? काय म्हणाले सगळे?"

आई चौतीस वर्षं इंग्रजी शिकवायची शाळेत. ती त्याच्याकडे बघून हसली. "काही नाही रे," तिनेही इंग्रजीतच सांगितलं. "सगळे फार खूश आहेत."

ग्लेनचा चेहरा उजळला. ऋजुताने त्याला सकाळीच शिकवून ठेवलं असणार. तो खाली वाकला आणि दोन्ही हात आईच्या पायांना लावले. आणि तिने, माझ्या आईने, त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

मी ओवीला जॉइसच्या हातात दिलं. ग्लेनला दंडाला धरून उठवलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आमच्या दोघांत आम्ही डच बोलतो. पण मी इंग्रजीत सांगितलं, म्हणजे आईला प्रत्येक शब्द कळावा.