मान हलेपर्यंत

“दुसरं वादन माणसाचं,” मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “पहिलं तुझ्या कॉम्प्युटरचं. डोळे झाकून सांगतो.”

भाचीनं हसू आवरलं. स्टुडिओ तिचा, पैजही तिनंच लावलेली. पण चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावणाऱ्या मामांना हरवताना तिच्या जिवावर आलं.

“उलटं आहे, मामा. पहिलं माझ्या मैत्रिणीनं वाजवलंय. दुसरं कोणीच नाही. एकेक पट्टी वेगळी रेकॉर्ड केली, कॉम्प्युटरनं जोडली.”

“काहीतरीच! मधली एक पट्टी सुरातून उतरलीय त्यात. मशीन असली चूक करेल होय?”

“चूक पियानोतलीच आहे. मामीचा पियानो तो. शाळेला देण्याआधी दोन दिवस तुमच्याकडे रेकॉर्डिंग करत ठाण मांडून बसले होते, आठवतंय ना?”

ते वादन इतकं ओळखीचं का वाटलं, ते मामांना आत्ता कळलं. गावभरचे पियानो लावले आणि घरच्या पियानोत एक पट्टी कायम खाली. दिव्याखाली अंधार, म्हणून लोक चिडवायचे. पण बायको लावूच द्यायची नाही. “राहू द्या हो. तुमच्यासारखी आहे, जराशी रुसलेली.” तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पियानोच्या जागी गालिच्यावर चार खळगे उरले होते आणि मामा अजून तिथून वळसा घालून जायचे.

“आज नीट करणारच होते ती पट्टी,” भाची म्हणाली. “एका क्लिकचं काम.”

“हात लावून तर बघ!” मामा ओरडले आणि स्वतःच ओशाळले. मग हळूच म्हणाले, “परत लाव.”

या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटाजवळ त्यांनी हात वर केला.

“इथं चुकतंय. या पट्टीवर ती थांबायची.”

“किती? एक सेकंद? दीड? आकडा सांगा, तेवढं थांबवते.”

आकडा मामांना कुठला माहीत! रोज संध्याकाळी हीच धून वाजवताना ती त्या पट्टीवर बोट दाबून मागे वळायची आणि त्यांच्याकडे बघायची. त्यांनी मान हलवली की पुढे. कधी तिची गंमत करायला ते मुद्दाम मान हलवत नसत. ती हटायची नाही, तशीच बघत बसायची.

“असं कर,” मामा म्हणाले. “मी मान हलवली की पुढचं सोड.”

तिनं पुन्हा सुरू केलं. ती पट्टी आली. भाचीनं तिथंच थांबवलं आणि बटणावर बोट ठेवून मामांकडे बघत राहिली. पुढं आठच सूर उरले होते.

सूर विरत विरत गेला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

“मामा? सोडू पुढचं?”

“थांब गं,” मामा म्हणाले. “बघू दे तिला जरा वाट.”

त्यांची मान हलली नाही.