तिसरा दगड

वीतभर दगड, खालच्या अंगाला अजून गार... आणि ड्रिलची खूण कुठेच नाही. ओमप्रकाशने तो पुन्हा उलटून पाहिला. ओमानमधल्या दुक्मच्या रस्त्यासाठी हा डोंगर त्यानेच सुरुंग लावून फोडला, त्याला तीन वर्षं झाली. आणि इथून वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फक्त कबरीचे दगड नेतात, हे त्याला कळलं आज, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय!

खाली त्या वस्तीतली खतिजा उभी होती. तिची मुलगी जमिला पहाटे गेली होती. पुरुष कबर खणत होते, आणि दगड आईने आणायचे असा त्यांच्या घरातला रिवाज.

"आदमी को दो, औरत को तीन," ती मोडक्या हिंदीत म्हणाली होती. "लोहा नहीं लगना. पहाड अपने हाथ से देता है."

तिने त्याला दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून दोन तास ढिगारे उपसले तेव्हा कुठे दोन अखंड दगड मिळाले. हा तिसरा.

जीवखडा एवढाच असतो का? — नाही, तो लहान, मुठीत मावणारा... कलावतीचा त्याने पाहिलाच नाही. बायको अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा याच डोंगराच्या पोटात दारू भरलेली होती. दोन दिवस थांबतो, एवढा ब्लास्ट होऊ दे — साहेबाने नव्हतं अडवलं, मीच म्हणालो. मीच. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि मग तर घरी जायची हिंमतच होईना. पोचलो बाराव्याला. धाकट्या मुलाने, जितेशने स्मशानातून उचललेला तिचा खडा तोवर नदीत सोडलेला. दहा दिवस ज्याला कलावती समजून सगळ्यांनी पाणी घातलं, तो माझ्या हाताला लागलाच नाही.

"मिला?" खतिजाने खालून विचारलं.

डोंगर आपल्या हाताने देतो... मग हा कुणाला दिला? असं मनात आलं याचीच त्याला लाज वाटली, तरी बोटं सुटेनात. दगड उन्हाने तापायला लागला तसा त्याने तो छातीशी घेतला, सावलीत.

"मिला, अम्मा."

पण पाय उचलेना. खांद्याला पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. एकदा, एकदाच याला पाणी घालू दे, मग घेऊन जा... हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?