आईच्या साखळीतली गाठ

सोनाराने साखळी तबकात ठेवली तेव्हापासून तिची नजर त्याच्या बोटांवरून हलली नव्हती. मागे भट्टीची खोली होती आणि तिच्या दाराला पडदा होता.

"आत न्यायची नाही," तिने आल्याआल्याच बजावलं होतं. "काय करायचं ते माझ्यासमोर."

"ताई, पडद्याआड आमचा फक्त चहा असतो," सोनार म्हणाला.

ती हसली नाही. आई गेल्यापासून तिला हसायला जडच जात होतं.

आईच्या कानातला लाल खडा तिला अंगठीत बसवून हवा होता, आणि अंगठी आईच्याच साखळीच्या सोन्याची. बाहेरचा कणही मिसळायचा नाही. सोनाराने सगळं समजावलं होतं. चांदी काळी पडते, प्लॅटिनम खिशाला झेपायचं नाही, बावीस कॅरटचं सोनं इतकं मऊ की खडा धरणारे काटे वाकतात. अठराचं उत्तम. आईची साखळी नेमकी अठराची, पहिल्या पगारातून घेतलेली. "हलकं सोनं घेतलंस," म्हणून मावशीने आईला जन्मभर चिडवलं. आई म्हणायची, "हलकं असेल, पण माझं आहे."

खरा संशय होता तो या मावशीचाच. इस्पितळात आईच्या गळ्यातून उतरवलेली साखळी तिच्याकडे राहिली ती राहिलीच. "वितळवतेस कशाला? चांदीत कर," हे रोजचं पालुपद. आणि आज सकाळी अचानक तीच साखळी रुमालात बांधून हातात ठेवली, नजर चुकवून. वर घसा धरलाय म्हणून ऐन उकाड्यात गळ्याला स्कार्फ. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कसाला लावून बघा," ती म्हणाली.

सोनाराने काळ्या दगडावर साखळी घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि भुवया उंचावल्या. "अठराची असती तर रेघ फिकी पडली असती."

रेघ पिवळीधमक होती.

"म्हणजे खोटी?"

"खोटी कसली? बावीसची आहे! कुणी फसवलं असेल तर तुमचा फायदाच केलाय. फक्त काट्यांसाठी यात मला तांबं-चांदी मिसळावी लागेल. मिसळू?"

तिने साखळी उचलून अडकवायच्या फाशाजवळ बोट फिरवलं. लहानपणी तिनेच ती ओढून तोडली होती. डाग देऊन सांधली तिथे बारीकशी गाठ राहिली होती, आणि आईच्या मांडीवर बसून ती गाठ ती जिभेने चाचपत राही. या साखळीत गाठ नव्हती. कडी न् कडी गुळगुळीत होती. अशी साखळी घरात आणखी एकीकडेच होती. आईची बघून, हट्टाने, भारी सोन्यात घडवून घेतलेली.

"नको," ती म्हणाली. "भट्टी राहू दे."

ती घरी आली तेव्हा मावशी ओट्याशी भांडी विसळत होती. स्कार्फ घामाने भिजला होता.

"ही तुझी," तिने साखळी ओट्यावर ठेवली.

मावशीने नळ बंद केला. "सोनार बोलला?"

"तुझं सोनं फार चांगलं निघालं."

"मग! माझं कधी वाईट होतं? तुझ्या आईला पटेल तर ना." मावशीचा आवाज चिरकला. मग ओल्या हातांनीच तिने स्कार्फ सोडला. खाली आईची साखळी होती. "सोनं मी तुला कमी दिलं नाही गं. जास्तच दिलं. पण ही वितळली की नुसतं सोनं उरणार. तुझ्या आईचा हात जिला लागला, ती साखळी कुठे उरणार?"

तिने हात पुढे केला. मावशी आक्रसली, साखळी ओढून घेईल असं वाटलं असावं. तिने फक्त फाशाजवळची गाठ अंगठ्याखाली धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"राहू दे तुझ्याच गळ्यात," शेवटी ती म्हणाली. "अंगठी चांदीत करते."

"चांदीत?" मावशीने डोळे पुसले. "काळी पडते मेली!"

"तूच रोज सांगत होतीस ना, चांदीत कर म्हणून?"

"तेव्हा मला साखळी वाचवायची होती."