अर्ध्या तासाची अंघोळ

दैवशालाला अंघोळीला अर्धा तास लागतो, हे द्वारकाबाईंनी आधी नुसतं मनात ठेवलं. मग घड्याळात बघायला लागल्या. बाहेर आली की सून भिंतीला हात लावत चालायची, चेहरा पांढराफटक, आणि थेट खाटेवर जाऊन पडायची. भाकरी टाकायची वेळ नेमकी तीच.

"डोकं लई ठणकून राह्यलं, आई. दहा मिनिटं पडते," ती म्हणायची.

दिवाळीआधी असं काही नव्हतं. जाफराबादेत सकाळी लाइटीचा भरवसा नाही, म्हणून कल्याणनं विजेचा गिझर नको म्हणत गॅसचा आणला. दुकानाच्या माणसानं तो बाथरूमच्या आतच, नळाशेजारी बसवून दिला. चुलीवर पाणी तापवणं बंद झालं. सुनेला सगळं आयतं मिळालं आणि हिची दुखणी सुरू झाली, असं द्वारकाबाईंनी ताडलं.

त्या स्वतः बादली भरून घेत आणि गिझर बंद करून पाच मिनिटांत बाहेर येत. कल्याण तर अंगणातल्या नळावरच अंघोळ करून दुकानाला जाई. दैवशाला मात्र म्हणायची, कपडे तिथंच गरम पाण्यात धुते. तीन माणसांचे कपडे ते किती! आत मोबाइल नेत असेल, त्यांना वाटलं. एका सकाळी त्यांनी तिचा मोबाइल हळूच उचलून तांदळाच्या डब्यामागं ठेवला. तरी अर्धा तास लागलाच. मग वाटलं, दिवस गेले असतील आणि पोरगी आधी अंबडला माहेरी कळवून राह्यली असेल, सासूला शेवटी. त्या दाराशी कान देऊन उभ्या राहिल्या. आत पाण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

जानेवारीत कंपनीचा मेकॅनिक आला. मच्छिंद्र नाव, गळ्यात ओळखपत्र. पहिली सर्व्हिस फुकट होती. फुकट म्हटल्यावर द्वारकाबाई स्टूल घेऊन दारातच बसल्या.

त्यानं गिझर चालू केला, आतली ज्योत पाहिली आणि मान हलवली. "निळी पाहिजे, मावशी. ही पिवळी जळून राह्यली." मग खिडकीकडं पाहिलं. काचेच्या पट्ट्यांवर आतून जाड पुठ्ठा ठोकलेला होता. "हे कुणी लावलं?"

"मी लावलं. थंडीचा वारा येतो. अन् समोर सर्जेरावची गच्ची हाय."

"आजच काढा. हा गिझर आत बसवायलाच नको होता. जळून निघालेला वायू बाहेर जात न्हाई. त्याला वास नसतो, पण माणूस मरतो त्यानं. बाहेरच्या भिंतीला बसवून देतो, फक्त पाइप अन् कामाचा खर्चा येईल."

खर्चा शब्द कानावर पडताच द्वारकाबाईंना सगळं कळलं. आधी भीती घालायची, मग पाइप विकायचा.

त्यानं एक कागद पुढं केला. "सूचना दिली म्हणून सही करा. गिझरसोबत कंपनीचा अपघात विमा येतो, पण अशा बंद जागेत काही झालं तर तो मिळत न्हाई."

"मी कशावरच सही करत न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोरगा आल्यावर ये."

मच्छिंद्रनं कागदावर 'सहीस नकार' असं लिहिलं आणि गेला. रात्री कल्याणनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आल्ता एक जण. पाइप खपवायला."

चौथ्या दिवशी पाणी वाहायचं थांबेना. द्वारकाबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. पहिल्यांदा मनात आलं, नाटक करून राह्यली. दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मात्र स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. पत्र्याच्या दाराला त्यांनी खांदा लावला, मग लाथ घातली. कडी निखळली. दैवशाला ओल्या कपड्यांवर कोसळली होती. द्वारकाबाईंनी तिला काखेत धरून अंगणापर्यंत ओढत आणलं, अंगावर लुगडं टाकलं आणि सर्जेरावला गाडी काढायला सांगितली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गॅसचा गिझर आहे का, आणि खिडकी उघडी असते का. दुकानातून धावत आलेल्या कल्याणनं आईकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी खाली बघत सांगितलं, "बंद असते. मीच केल्ती."

दुपारी दैवशालाला नीट शुद्ध आली. संध्याकाळी अंबडहून तिची आई चांगुणाबाई आल्या. विहिणीला ओलांडून त्या थेट कल्याणकडं गेल्या. त्याला बाजूला घेऊन विचारलं, पुठ्ठा थंडीसाठीच होता ना? द्वारकाबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर दैवशाला खाटेवर बसून म्हणाली, "तो मेकॅनिक तुम्हाला सांगून गेल्ता ना?"

"गेल्ता."

"मंग?"

"मला वाटलं, खोटं बोलून राह्यला."

"अन् मी? माझं डोकं दुखायचं ते?"

द्वारकाबाईंना काहीतरी गोड बोलता आलं असतं. "तेही खोटंच वाटलं," त्या म्हणाल्या. "तुझा मोबाइल मीच लपवल्ता."

"माहीत होतं मला," दैवशाला म्हणाली आणि आईसोबत जायला पिशवी भरू लागली. तिला कुणी अडवलं नाही.

ती नसताना कल्याणनं मच्छिंद्रला बोलावून गिझर बाहेरच्या भिंतीला बसवून घेतला. वर्षाच्या देखभालीचा करारही केला. कागदावर सही द्वारकाबाईंनी केली, पण सगळा कागद कल्याणकडून मोठ्यानं वाचून घेतल्यावरच.

पंधरा दिवसांनी दैवशाला अंबडच्या गाडीनं परत आली. पिशवी ठेवली, आधी बाथरूममधला गरम पाण्याचा नळ सोडला आणि घरामागं गिझरपाशी गेली. त्याच्या भोकातून ज्योत बघत किती तरी वेळ उभी राहिली. द्वारकाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ज्योत निळी आहे, हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या शब्दावर ती आता भरवसा ठेवणार नव्हती, आणि ते त्यांना बिलकुल चूक वाटलं नाही.